लंडनहून आलेला स्त्रीवाद म्हणे!

"आफ्रिकेत आई म्हणजे देवता. बाई सुखात होती. कादंबऱ्या लिहिणाऱ्या बायकांनी लंडनहून स्त्रीवाद आणला आणि घरं मोडली." हा फॉरवर्ड माझ्या भाचीला तिच्या आत्याने पाठवलाय, 'आपल्या मुलींनीही वाचावं' अशी पुस्ती जोडून. वाचावंच, पण फॉरवर्ड नाही, कादंबऱ्या.

देवता म्हणे! नायजेरियाच्या फ्लोरा न्वापांची 'एफुरू' आली १९६६ साली. एफुरू व्यापारात तरबेज, पण मूल जगत नाही. ती उहामिरीची भक्त होते. तळ्यातली ही देवी धन देते, रूप देते, मूल देत नाही. आता ही देवीही लंडनची का? आईपणाचा आनंद जिने कधी अनुभवलाच नाही, तिला बायका का पुजतात, या प्रश्नावर कादंबरी संपते. तेच शब्द घेऊन नायजेरियाच्याच बुची एमेचेटांनी १९७९ साली आपल्या कादंबरीला 'आईपणाचे आनंद' अशा अर्थाचं उपरोधिक नाव दिलं. त्यातली न्नू एगो मुलांसाठी झिजते आणि रस्त्याकडेला एकटी मरते. मग मुलं दणक्यात अंत्यविधी करतात, तिच्या नावाने देव्हाराही उभारतात. पण मूल मागायला येणाऱ्या एकीलाही ती पावत नाही. देवता केलेल्या आईचं काय होतं, ते इतकं उघड लिहून ठेवलंय.

घरं मोडण्याचं म्हणाल तर सेनेगलच्या मारियामा बांच्या कादंबरीतली रामातुलाय बघा. नवरा लेकीच्या मैत्रिणीशी दुसरं लग्न करतो, तरी ही त्याला सोडत नाही. आणि लंडनमध्ये एमेचेटांच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित जाळलं, ते त्यांच्या नवऱ्याने.

'अदिचींच्या भाषणानंतरची फॅशन' असंही पुढे आहे. नायजेरियन लेखिका चिमामांडा अदिचींचं स्त्रीवादावरचं ते भाषण २०१२चं. बायकांवरही कर बसणार या धास्तीने आग्नेय नायजेरियातल्या हजारो बायका रस्त्यावर उतरल्या १९२९ साली. ब्रिटिश अंमलाने गोळ्या घालून पन्नासहून जास्त बायका मारल्या. गोऱ्यांनी शिकवलं ते हेच असावं.

बरं, एक गोष्ट अर्धी खरी आहे. न्वापा आणि एमेचेटा यांची ही पुस्तकं इंग्रजीत, लंडनमध्ये छापली गेली. खेड्यातल्या फारशा बायकांना ती वाचता येणं शक्य नव्हतं. एमेचेटा तर स्वतःला स्त्रीवादी म्हणवून घ्यायलाही का-कू करायच्या. पण न्वापांनी सत्तरच्या दशकात नायजेरियातच, एनुगूला, स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि मुलांसाठीही पुस्तकं छापली.