सकाळी गाडी लागत नाही म्हणजे बॅटरीच गेली?

थंडी पडली की पुण्यातल्या आमच्या वारज्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता येतो. यंदा एकाच सकाळी तिघांनी टाकला. मजकूर थोडक्यात असा: सकाळी गाडी लागत नसेल तर बॅटरी गेली समजा, नवीन टाका. तोवर चावी फिरवण्याआधी ॲक्सिलरेटर तीनदा दाबा. इंजिन लागेपर्यंत सेल्फ सोडू नका. तरी नाही जमलं तर ढकला, कुठलीही गाडी लागते. आणि रोज दहा मिनिटं जागेवर चालू ठेवा, बॅटरी भरलेली राहते. खाली शास्त्रीय पुस्ती: ‘थंडीत पेट्रोल गोठतं.’

पुस्ती आधी उरकू. पुण्यात नोंदलेलं सर्वात कमी तापमान 1.7 अंश, तेही जानेवारी 1935 मधलं. पेट्रोल गोठायला शून्याखाली चाळीसच्याही पलीकडे जावं लागतं. थंडीत घट्ट होतं ते इंजिन ऑइल, आणि मंदावते ती बॅटरीतली रासायनिक क्रिया. बॅटरी खरी झिजते एप्रिल-मेच्या उन्हात. डिसेंबरात तिचं पितळ उघडं पडतं एवढंच.

आता ‘बॅटरी गेली समजा’. पुष्कळदा ती गेलेली असते, हे मान्य. पण ‘समजा’ का? मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली आहे, 12 च्या खाली दिसलं तर जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली कोसळला तर बॅटरी दमलीय. आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5 दिसायला हवं. तेवढं नसेल तर दोष बॅटरी भरणाऱ्या डायनामोकडे (अल्टरनेटर), नवी बॅटरीही चार दिवसांत बसेल.

मी हे शिकलो ते पैसे घालवून. गेल्या जानेवारीत माझा सेल्फ घर्र… घर्र… करून रडायला लागला. बॅटरीवाल्याने मीटर न लावताच ‘डेड’ म्हटलं, मीही नवी बसवली. अकरा दिवस बरं चाललं. बाराव्या दिवशी तीच रड. मग कर्वेनगरच्या एका बोळातल्या फिटरकडे गेलो. त्याने मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर टेकवली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि म्हणाला, “काका, मारा सेल्फ.” मीटरवर 1.8. “इथं शून्याच्या जवळ पाहिजे. फार तर अर्धा व्होल्ट. तुमची अर्थिंग खाल्लीय.” बॉडीवरून गिअरबॉक्सला जाणारी अर्थची वायर त्याने काढून दाखवली. वरून धडधाकट, रबर मागे सारल्यावर आत तांब्याला हिरवी बुरशी. नाना पेठेतून नवी वायर आणली, बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने घासली, पाना फिरवला. अर्ध्या तासात काम झालं. नव्या बॅटरीने अकरा दिवस वेळ मारून नेली, कारण तिचा जोर ताजा होता आणि बसवताना टर्मिनलही साफ झाले होते. माझी जुनी बॅटरी मात्र एक्सचेंजमध्ये गेलेली.

‘ॲक्सिलरेटर तीनदा दाबा’ हा सल्ला खोटा नाही, शिळा आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात, चोकचं बटण ओढायच्या दिवसांत, पॅडल दाबलं की पेट्रोलची पिचकारी आत उडायची. आजच्या, इंजेक्शनच्या गाडीत किती पेट्रोल सोडायचं ते संगणक ठरवतो. सेल्फ मारण्याआधी तुम्ही पाय आपटून काहीही सुटत नाही. उलट पॅडल पूर्ण दाबून सेल्फ मारला तर बऱ्याच गाड्या पेट्रोल बंदच करतात, ओले झालेले प्लग वाळावेत म्हणून.

‘सेल्फ सोडू नका’ हा तर मोटर जाळायचा राजमार्ग. ती शंभर-दीडशे अँपिअर ओढते. पाच-सात सेकंद, मग अर्धा मिनिट थांबा. आणि त्या पाच सेकंदांत कान द्या, कारण ‘गाडी लागत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. नुसतं ‘खट्’ होतंय किंवा रडतोय, म्हणजे वीज कमी पडतेय: बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, नाहीतर सेल्फची मोटर. सेल्फ झकास फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला हात लावू नका. चावी ऑन करून मागच्या सीटकडे कान द्या. टाकीतला पंप दोनेक सेकंद गुणगुणायला हवा. सेल्फ न मारता चावी तीनदा ऑन-ऑफ केली आणि चौथ्यांदा गाडी चटकन लागली, तर पेट्रोलच्या लाईनमधला दाब रात्रीत उतरतोय: पंपाचा व्हॉल्व्ह किंवा गळका इंजेक्टर. डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चावीच ओळखत नाहीये, मग ढकला नाहीतर आरती करा.

ढकलण्यावरून आठवलं, ऑटोमॅटिक गाडी ढकलून लागत नाही. गिअरची लागते, पण पंप आणि संगणक जागे राहण्याइतकी वीज हवी. वर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या नळीतल्या, धूर साफ करणाऱ्या महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. जंपर केबल बरी.

दहा मिनिटांचा हिशोब सोपा आहे. छोट्या गाडीची बॅटरी 35 अँपिअर-तासांची धरू. ती अर्धी रिकामी असेल तर साडेसतरा भरायचे. दहा अँपिअरने भरली तरी पावणेदोन तास. दहा मिनिटांत पावणेदोन अँपिअर-ताससुद्धा जात नाहीत, शिवाय थंड इंजिन जागेवर चालून प्लग काळे होतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा खडकवासल्यापर्यंत जाऊन या. रविवारी नको, तेव्हाच्या ट्रॅफिकमध्ये तेही जागेवर चालू ठेवल्यासारखंच.

आणि एका तक्रारीबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. आमच्या शेजाऱ्यांची गाडी सकाळी एका सेल्फमध्ये लागायची. मंडईत भाजी घेऊन पंधरा मिनिटांत परतले की लागायची नाही. अर्धा तास थांबलं की आपोआप लागायची. इंजिन फिरतंय हे संगणकाला सांगणारा क्रँक सेन्सर तापला की गप्प बसत होता. तो बदलल्यापासून त्रास नाही. बॅटरी मात्र त्यांचीही तोवर बदलून झाली होती.