स्वयंचलित दरवाजे

राधानगरी धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरलं की ते आपोआप उघडतात, पाणी उतरलं की आपोआप मिटतात. कुणी हाका मारत नाही, कुणी पाठीत धपाटा घालत नाही. आमच्या सहावीतल्या चिरंजीवांचंही अभ्यासाच्या बाबतीत असंच व्हावं, एवढीच माझी इच्छा. म्हणून शाळा सुरू झाल्या झाल्या मी जाहीर करून टाकलं, "यंदापासून तुझा अभ्यास तू करायचा. काय लागलं तर विचारायला यायचं नाही." बायको काही बोलली नाही. भाकरी मात्र जरा जोरात थापली.

जुलैत शाळेनं प्रकल्प दिला. आपल्या जिल्ह्यातलं धरण, प्रतिकृतीसह. मुदत पंधरा दिवस. आठ दिवस मी जीभ चावून गप्प बसलो. नवव्या दिवशी सहज विचारल्यासारखं विचारलं, "धरण कुठवर आलं रे?"

"पप्पा, तुम्ही विचारणार नव्हतासा न्हवं?"

माहिती तेवढी त्यानं काढली होती. धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं. महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत नाही पाठवलं तर आईबापाला महिन्याला १ रुपया दंड. खाली लाल पेनानं स्वतःची भर : 'पोराला दंड नव्हता.'

बाकी सगळा भरवसा पंचगंगेवर. ह्याला सतराचा पाढा येत नाही, पण राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट, ते झोपेतही सांगतो. ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका. "आत्ता ३७ हाय. तासाला दोन इंच वाढतंय. म्हणजे बारा तासांत ३९. कलेक्टर सुट्टी देत्यात बघा." हिशेब बिनचूक! ही अक्कल गणिताच्या पेपरात कुठं वाहून जाते, देव जाणे.

नदी साडेअडतीसवर थांबली आणि उतरायला लागली. प्रकल्प द्यायच्या आदल्या संध्याकाळी तर चक्क ऊन पडलं. इकडं बायकोनं मात्र इशारा पातळी ओलांडली. मी गुपचूप कात्री शोधायला उठलो, तर म्हणाली, "स्वावलंबन ना? झोपा आता." झोपलो. म्हणजे पडून राहिलो. मध्यरात्रीपर्यंत बाहेरच्या खोलीतून कचाकच कापल्याचा आवाज येत होता.

सकाळी टेबलावर धरण उभं! सातच्या सात दरवाजे, रबरानं खरोखर उघडमिट होणारे. ऊर भरून आला. शेजाऱ्यांना बोलवायला निघालो, तेवढ्यात विचार आला. "पुठ्ठा कुठनं आणलास रे?"

"तुमच्या कपाटात निळी फाइल होती की."

"विचारायचं नाहीस?"

"तुम्हीच म्हणालासा, विचारायला यायचं न्हाई म्हणून."

मी वाकून बघितलं. निळ्या वॉटरकलरनं रंगवलेल्या जलाशयाच्या मधोमध, आमच्या गावाकडच्या सातबाऱ्यावरचा तलाठ्याचा शिक्का तरंगत होता.