शंकेला जागा

पन्नाशी उलटली आणि माझ्या डोक्यातला नाशिकचा नकाशा बदलला. पूर्वी त्यात साड्यांची दुकानं आणि मिसळीची ठिकाणं होती. आता फक्त 'सोयी' उरल्यात. कॉलेज रोडला कुठल्या हॉटेलात चहा न मागवता थेट आत जाता येतं, हे मला तोंडपाठ आहे. पंचवटीत मामेसासूबाई राहतात. त्यांना वाटतं, सून फार मायाळू, रामकुंडावर आली की भेटल्याशिवाय जात नाही.

घरातून निघताना चपला, पर्स, किल्ली आणि शेवटी "थांबा हो, जाऊन येते". तरी लिफ्टमध्ये पाय ठेवला की पुन्हा तेच. याला 'लघुशंका' म्हणणाऱ्या पूर्वजाला माझा दंडवत. खरी की खोटी, दारापर्यंत पोचेस्तोवर कळतच नाही.

बिंग फुटलं ते हास्य क्लबात. डिसेंबरातली कडाक्याची सकाळ, हात वर, तिसरं 'हा हा हा', आणि मी एकदम गप्प. शेजारच्या काकूही गप्प. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

मग मी अक्कल चालवली आणि पाणीच तोडलं. आठ दिवसांत जळजळ सुरू झाली आणि मी दवाखान्यात.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, मूत्रमार्गाचं अस्तर पातळ होतं, जंतूंचं फावतं. बाळंतपणांनी ओटीपोटाखालचे स्नायू आधीच सैलावलेले. त्यात पाणी तोडलं की लघवी दाट होते आणि मूत्राशय जास्तच कुरकुरतं. "तोडायचाच तर चहा तोडा." इथे मात्र बाई मला जरा कमी शिकलेल्या वाटल्या.

गोळ्यांबरोबर व्यायामही दिला. अर्नोल्ड केगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली मांडलेला. लघवी रोखताना जे आवळतो तेच आवळायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. "कुठेही करा, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही."

मी जागा निवडली द्वारका चौक. तिथल्या कोंडीत पूर्वी माझा जीव जायचा, आता दहाच्या दहा होतात. परवा सातव्याला रिक्षावाल्याने आरशात पाहिलं.

"मावशी, दुखतंय का कुठं? दवाखान्यात घेऊ?"

"नको रे बाबा," मी दात आवळूनच म्हटलं, "तीनच राहिलेत."