शिकागो सेफ आहे का?

ऑगस्ट जवळ आला की इथल्या मराठी ग्रुपवर हा प्रश्न येतोच. मुलीला आयआयटीत (इथल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, पवईच्या नव्हे) ॲडमिशन मिळालेली असते, तिकिटं काढून झालेली असतात आणि नेमका त्याच आठवड्यात कुठल्यातरी काकांनी फॅमिली ग्रुपवर गोळीबाराचा व्हिडिओ टाकलेला असतो. मग उत्तरं दोनच. "काही होत नाही हो, मीडिया उगाच वाढवतो" किंवा "चुकूनही पाठवू नका." दोन्ही देणारे बहुधा नेपरव्हिलला राहतात, शहरापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवर.

"काही होत नाही" ही थाप आहे. २०२१ मध्ये या शहरात ८०० च्या आसपास खून झाले, लोकसंख्या जेमतेम २७ लाख. सव्वा कोटीच्या मुंबईत वर्षाला साधारण सव्वाशे-दीडशे होतात, यावरून काय ते समजा. पुढे आकडा झपाट्याने उतरला. २०२४ मध्ये ५७३ आणि २०२५ मध्ये तर सव्वाचारशेच्या आसपास. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. उतरला तरी मुंबईच्या कितीतरी पट आहेच. बाचाबाचीत कमरेला पिस्तूल असलं की प्रकरण कानफटात मारण्यावर मिटत नाही.

पण हा गोळीबार शहरभर सारखा पसरलेला नाही. इंगलवुड, ऑस्टिन, वेस्ट गारफील्ड पार्क अशा दक्षिण आणि पश्चिमेकडच्या मोजक्या वस्त्या, त्यातही ठरावीक ब्लॉक. मरणारे बहुतेक तरुण कृष्णवर्णीय मुलगे. १९३० च्या दशकात सरकारी नकाशांवर अशाच वस्त्यांना 'कर्जाला धोक्याच्या' म्हणून लाल रंग फासला गेला, तिथे घरकर्ज मिळणं मुश्कील झालं, आणि नंतर कारखानेही गेले. तळ्याकाठच्या स्ट्रीटरव्हिलमध्ये सरासरी आयुष्य ९० वर्षांचं आणि इंगलवुडमध्ये ६० चं, असं २०१९ च्या एका अभ्यासात निघालं. मधलं अंतर जेमतेम पंधरा किलोमीटर! म्हणून आपली माणसं "आपल्या एरियात काही प्रॉब्लेम नाही" असं मान ताठ करून सांगतात तेव्हा माझं डोकं फिरतं. अहो, ती काय तुमची कर्तबगारी आहे का?

आपल्या पोरांच्या वाट्याला येतात ते फोन हिसकावणं, दारातलं पार्सल उचलणं, गाडी फोडणं. 'एल'मध्ये (इथल्या लोकलमध्ये) दाराजवळ उभं राहून रील बघत बसलं की दार बंद व्हायच्या क्षणी फोन गेलाच म्हणून समजा. रात्री मागच्या रिकाम्या डब्यात बसू नये. गाडीला गार्ड नसतो, मोटरमन असतो तो पहिला डबा पकडावा. सेकंडहँड किआ-ह्युंदाई स्वस्तात मिळाली म्हणून नाचू नये. २०११ ते २०२१ च्या, चावीने सुरू होणाऱ्या बऱ्याच मॉडेल्सना इमोबिलायझरच (खरी चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारा) नव्हता. स्टीअरिंगखालचं प्लास्टिक उचकटायचं, यूएसबी केबलचं टोक घालून फिरवायचं, गाडी सुरू. २०२२ मध्ये पोरांनी हे टिकटॉकवर एकमेकांना शिकवलं. घेतलीच असेल तर सॉफ्टवेअर अपडेट झालंय का ते पाहा आणि स्टीअरिंगला लोखंडी दांडा लावा. दिसायला गावठी, पण चोर पुढच्या गाडीकडे जातो.

आणि नेपरव्हिलवाल्यांनी फार निर्धास्त राहू नये. मिशिगन, टेक्सासमध्ये आपल्यासारख्यांची घरं हेरून, सोन्यासाठी घरात घुसून माणसांना बांधून लुटणारी टोळी होती. तिच्या म्होरक्या बाईला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली. बरीचशी घरं उपनगरातलीच. तोळ्यांची पाटली-बांगडी घालून काढलेले डोहाळजेवणाचे फोटो पब्लिक ठेवणाऱ्या मावश्यांनो, वाचताय ना?

राहिला आयआयटीचा प्रश्न. पस्तिसाव्या स्ट्रीटच्या आसपास रूम बघत असाल तर "ब्रॉन्झव्हिल (म्हणजे तिथली वस्ती) कसं आहे" असं मोघम विचारू नका. पत्ता टाका, क्रॉस स्ट्रीटसकट. लीजवर सही करायच्या आधी सीनियर बॅचमधल्या दोघांना रात्री नऊला स्टेशनपासून त्या दारापर्यंत चालत जाऊन यायला सांगा. फोन खिशात ठेवूनच! जेवण मी घालीन त्यांना.