शस्त्रक्रियेनंतर च्युइंगगम: एका व्हॉट्सॲप संदेशाचा प्रतिवाद

‘पोटाच्या ऑपरेशननंतर दिवसातून तीनदा च्युइंगगम चघळा, आतडी लगेच चालू होतात आणि दोन दिवस आधी घरी जाता येते, बिल कमी होईल म्हणून रुग्णालये हे सांगत नाहीत, गम नसेल तर सुपारीही चालते,’ अशा आशयाचा संदेश सध्या फिरत आहे. त्यात तथ्याचा अंश असल्यामुळे तो सरसकट खोटा ठरवून भागत नाही.

लपवाछपवीचा आरोप आधी निकालात काढू. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झालेल्या १९ रुग्णांवरचा गमचा जपानी प्रयोग २००२ सालीच प्रसिद्ध झाला आणि २०१५ च्या कोक्रेन (वैद्यकीय प्रयोग एकत्र करून पडताळणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आढाव्यात असे ८१ प्रयोग, म्हणजे ९ हजारांहून अधिक रुग्ण, एकत्र तपासले गेले. गुपिते अशी छापून ठेवत नाहीत.

‘लगेच’ हा शब्द मात्र नीट तपासायला हवा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर लहान आतडे साधारण दिवसभरात, जठर एक-दोन दिवसांत आणि मोठे आतडे दोन-तीन दिवसांत पूर्ववत हलू लागते. चघळल्याने अन्न येत असल्याची सूचना मेंदूला मिळते आणि मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमार्फत पाचकरस व आतड्यांची हालचाल यांना चालना मिळते, हे तर्कशुद्धच आहे. जपानी प्रयोगात गम चघळणाऱ्यांचा वारा सरासरी २.१ व्या दिवशी सरला, इतरांचा ३.२ व्या दिवशी. कोक्रेन आढाव्यात हा फरक सुमारे १० तासांवर आला, रुग्णालयातील मुक्काम सरासरी ०.७ दिवसाने कमी दिसला आणि सिझेरियननंतर तर जेमतेम ०.२ दिवसाने; शिवाय यातले बरेच प्रयोग लहान व सदोष असल्याचे आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवले. ‘दोन दिवस’ यातून निघत नाहीत.

खरी मेख वेगळीच आहे. वारा सरेपर्यंत तोंडाने काहीही द्यायचे नाही, नाकातून जठरात घातलेली नळी काढायची नाही, ही पूर्वीची रीत होती आणि त्या उपाशी रुग्णाला गम म्हणजे जेवणाची बदली होती. आता अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेनंतर लवकर पातळ पदार्थ आणि मग जेवण देतात, आतडी मंदावणारी अफूवर्गीय वेदनाशामके शक्य तितकी टाळतात आणि रुग्णाला लवकर चालवतात. अशाच पद्धतीने शुश्रूषा होत असलेल्या सुमारे २,००० रुग्णांवरचा नेदरलँड्समधील बहुकेंद्री प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गममुळे ना मुक्काम घटला, ना आतडी लवकर सुरू झाली. अनेक छोट्या प्रयोगांच्या बेरजेपेक्षा मी या एका प्रयोगाला अधिक वजन देतो, कारण ज्याला प्रत्यक्ष पेज-खिचडी मिळते आहे त्याच्या आतड्यांना जेवणाचा आभास निर्माण करून वेगळे काय मिळणार?

गम स्वस्त आहे आणि पूर्ण शुद्धीवर असलेल्या रुग्णाला शल्यचिकित्सकाच्या संमतीने तो चघळायला हरकत नसते. गुंगीत असलेला, गिळायला त्रास होणारा किंवा हलती कवळी असलेला रुग्ण यातून वगळावा. साखरविरहित गममधील सॉर्बिटॉल जास्त झाल्यास गॅस आणि जुलाबही होतात. मात्र घरी आल्यावर पोट फुगत चालले, उलट्या होऊ लागल्या, वारा सरणे थांबले, ताप आला किंवा दुखणे वाढले, तर आतड्याचा जोड गळत असण्याची किंवा आतडे अडकल्याची शक्यता असते. तिथे गम चघळत बसणे म्हणजे उपचाराचे तास वाया घालवणे.

सुपारीचे शेपूट कोणी जोडले, कोण जाणे. वरचे सगळे आकडे गमचे आहेत, सुपारीचे नव्हेत. सुपारी तंबाखूविनाही कर्करोगकारक ठरलेली आहे आणि तिच्या सवयीने तोंडाच्या आतील त्वचा घट्ट होऊन तोंड उघडेनासे होते. अशा रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालताना काय कसरत करावी लागते, ते कोणत्याही भूलतज्ज्ञाला विचारावे.