‘एवढ्याने काय होतंय?’
मधुमेहाने नसा दुबळ्या झाल्या की गुदद्वाराच्या स्नायूंवरचा ताबा सुटू शकतो, पोटात अन्न पडताच मोठे आतडे हालचाल करू लागते आणि दुधातली साखर पचत नसेल तर घाई आणखी वाढते, हे सदाशिव पेठेतल्या नातलगांना दर कोजागिरीला किती वेळा समजावून सांगायचे? तरी मसाला दुधाचा पेला पुढे येतोच, वर ‘एवढ्याने काय होतंय?’ हेही ऐकावे लागते. काय होते, ते लक्ष्मी रस्त्यावरच्या गर्दीत जादा सलवारीची पिशवी छातीशी धरून स्वच्छतागृह शोधताना कळते. ते सापडलेच, तर दाराला कुलूप आणि किल्ली जेवायला गेलेल्या माणसाच्या खिशात. (दुपारी एक ते चार बंद राहण्याची पुण्याच्या दुकानांची ती ख्याती आता इथवर पोहोचली म्हणायची!) चुकून उघडे असलेच, तर नळाला पाणी नसते.