लाल फुलबाजीत ‘अणुबॉम्बचं विष’ नाही

‘लाल फुलबाजीत अणुबॉम्बमधलं स्ट्रॉन्शियम असतं, ते हाडांत बसून कॅन्सर करतं’ असा मेसेज फिरतोय. त्यात अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

फटाक्याला लाल रंग स्ट्रॉन्शियम या धातूच्याच क्षारांनी येतो. पण ते खनिजापासून बनतात आणि किरणोत्सर्गी नसतात. असं स्ट्रॉन्शियम मातीत, विहिरीच्या पाण्यात, मासळीत, आपल्या हाडांतही थोडंफार असतंच.

मेसेजमधलं विष म्हणजे स्ट्रॉन्शियम-९०, त्याच धातूचं किरणोत्सर्गी रूप. ते अणुस्फोटात आणि अणुभट्टीत तयार होतं. अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे २९ वर्षं. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत, दातांत साठवतं. अमेरिकेत सेंट लुईसला १९५८ पासून मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून तपासले, तेव्हा अणुचाचण्यांच्या काळात जन्मलेल्यांच्या दातांत ते वाढलेलं सापडलं.

साधं स्ट्रॉन्शियमही पोटात फार गेलं आणि आहारात कॅल्शियम कमी असलं, तर लहान मुलांच्या हाडांची वाढ बिघडू शकते. फुलबाजीचा मुख्य त्रास मात्र धुराचा: बारीक कण छातीत जातात, दमेकऱ्यांना धाप लागते. फटाके टाळायला एवढं कारण पुरे की! त्यात अणुबॉम्ब कशाला घुसडायचा?